रिमोट मुलीच्या हातात द्या: टीव्हीवरून विज्ञानाची गोडी लावायची कशी

आमचा पहिला रविवार साफ फसला. सोलापूरच्या पूर्व भागात एका सोसायटीचं सभागृह मिळालं होतं, बत्तीस इंची टीव्ही होता, पाचवी ते आठवीतल्या अकरा मुली आल्या होत्या. मी ग्रहताऱ्यांवरचा पाऊण तासाचा माहितीपट लावला. चित्रं सुरेख, निवेदकाचा आवाज भारदस्त. विसाव्या मिनिटाला मागच्या रांगेतली एक पेंगत होती आणि दोघी एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. संपल्यावर मी विचारलं, "काही शंका?" एकीनं हात वर केला.

"बाई, हे परीक्षेला हाय का?"

चूक माहितीपटाची नव्हती. मी टीव्हीला बाईंच्या खुर्चीत बसवलं होतं आणि स्वतः मोकळी झाले होते. तेव्हापासून आमचं गणित बदललं: दहा मिनिटं टीव्ही, चाळीस मिनिटं हात. टीव्ही फक्त काडी ओढतो, चूल पेटते ती टीव्ही बंद केल्यावर. हे कुठल्याही गल्लीत, बचत गटाच्या खोलीत किंवा घरच्या घरी चार मुली जमवून जमण्यासारखं आहे. आई, मावशी, आत्या, शिक्षिका, कुणीही करावं. विज्ञानाची पदवी लागत नाही. माझी मराठीची आहे.

टीव्ही लावण्याआधी एक चित्र

पहिल्या दिवशी प्रत्येकीला कोरा कागद द्या आणि सांगा, "शास्त्रज्ञ काढ." एवढंच. शास्त्रज्ञ बाई की पुरुष, तरुण की म्हातारा, काही सुचवू नका. नंतर "तुझा शास्त्रज्ञ आत्ता काय करतोय?" असंही विचारू नका, त्या 'करतोय'मध्ये उत्तर येऊन जातं. कागदामागे तारीख घाला आणि ठेवून द्या. टीका नको, कौतुकही नको.

ही युक्ती माझी नाही. डेव्हिड चेंबर्स या संशोधकानं असा प्रयोग ४,८०७ मुलांवर केला आणि १९८३ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या फक्त २८ चित्रांत बाई शास्त्रज्ञ होती, आणि ती अठ्ठावीसही मुलींनी काढलेली. पुढच्या काही दशकांत अमेरिकेत झालेल्या अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१८ साली मांडला गेला, तेव्हा बाई शास्त्रज्ञ काढणाऱ्यांचं प्रमाण सरासरी २८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. मधल्या काळात प्रयोगशाळेत बायका वाढल्या, तशा मुलांच्या मासिकांत आणि पडद्यावरही दिसू लागल्या.

आमच्या अकरांपैकी नऊ जणींनी चष्मेवाला, केस पिंजारलेला पुरुष काढला. एकीनं अब्दुल कलाम. एकीनं पांढरा कोट घातलेली बाई काढली आणि खाली 'नर्स' असं लिहून खोडलं. तो खोडलेला शब्द मी अजून जपून ठेवलाय.

कार्यक्रम मिळवायचे कुठून

सर्वांत स्वस्त रस्ता डीडी फ्री डिशचा. छत्री आणि सेट टॉप बॉक्स एकदा घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. त्यावर 'पीएम ई-विद्या'च्या शैक्षणिक वाहिन्या लागतात. २०२० साली 'एक वर्ग, एक वाहिनी' म्हणून पहिली ते बारावीसाठी बारा वाहिन्या सुरू झाल्या, पुढे संख्या वाढवून २०० करायचं ठरलं आणि त्यात राज्यांच्या भाषांनाही जागा मिळाली. जुना बॉक्स असेल तर नवीन वाहिन्या आपोआप येत नाहीत. मेन्यूत जाऊन ऑटो स्कॅन करावं लागतं. निम्म्या घरांत "आमच्यात ते दिसत नाही" याचं कारण एवढंच असतं.

दुसरा रस्ता पाठ्यपुस्तकातला. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ क्यूआर कोड असतो, तो मोबाइलनं स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ उघडतो. पुस्तकात असा कोड घालण्याची कल्पना पुढे नेणाऱ्यांत आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी होते. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. मुलींना हे जरूर सांगा. जगात गाजलेली गोष्ट एसटीनं जाता येईल एवढ्या अंतरावर घडली, हे कळलं की त्या कोडकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

तिसरा रस्ता, माझा लाडका, पेन ड्राइव्ह. करोनाच्या काळात, २०२० साली, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही बालभारतीच्या अभ्यासक्रमावरची मालिका लागायची, घरच्या वस्तूंनी काय काय करता येतं हे दाखवणारी. तसे मराठी भाग इंटरनेटवर शोधा. जे अधिकृतपणे उतरवून घेता येतात ते एमपी४ स्वरूपात पेन ड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीच्या मागच्या यूएसबीला लावा. रविवारी नेमकं नेट रडतं, आणि एकदा जाहिरात मध्ये आली की पोरींचं लक्ष परत आणायला पाच मिनिटं जातात.

आम्ही शाळेत शिकवायचो तेव्हा दूरदर्शनवर पुण्याची 'बालचित्रवाणी' होती, १९८४ साली सुरू झालेली. ती संस्था आता बंद झाली, याची हळहळ वाटते. त्याही आधीची एक गोष्ट आपल्या अगदी शेजारची आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह, आपले कार्यक्रम, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. कर्नाटकातली गावं होती विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतली. म्हणजे आपल्या सीमेपलीकडे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री आकाशाकडे तोंड करून उभी होती आणि गाव तिच्याखाली जमत होतं. सकाळी शाळेच्या मुलांसाठी दीड तास ठेवलेला, चार भाषांत वाटलेला. म्हणजे एका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं. तेवढी पुरत असत. माझ्या पाऊण तासाच्या माहितीपटाला तेव्हाच उत्तर मिळालेलं होतं म्हणायचं.

कोणता भाग निवडायचा

लावण्याआधी भाग स्वतः पूर्ण बघा. यात आळस केला की फजिती ठरलेली. बघताना मी चार गोष्टी तपासते.

पहिली, पडद्यावर मुलगी असेल तर ती करतेय काय? प्रयोग मुलगा करतो आणि ती "अरे वा, दादा!" म्हणत टाळ्या वाजवते, असे भाग ढिगानं आहेत. ते बाजूला ठेवा. अमेरिकेत २०१० पासून सार्वजनिक टीव्हीवर 'सायगर्ल्स' नावाची मालिका आली. तिच्यात खऱ्याखुऱ्या शाळकरी मुली गटानं एखादा प्रश्न सोडवतात, चुकतात, पुन्हा करतात. एखादी शास्त्रज्ञ ताई मदतीला असते, पण काम मुलींचंच. इंग्रजी असल्यामुळे आमच्याकडे ती चालली नाही, पण माप म्हणून फार उपयोगी पडली: काम कुणाच्या हातात आहे?

दुसरी, भागात काही चुकतं का? सगळं पहिल्या फटक्यात जमणारे प्रयोग मुलींना घाबरवतात. घरी केल्यावर जमलं नाही की "मला येत नाही" असा निष्कर्ष त्या लगेच काढतात. मुलं म्हणतात, "सामानच खराब होतं."

तिसरी, भाषा. पूर्व भागात घरी तेलुगू, गल्लीत मराठी, दोन गल्ल्या पलीकडे कन्नड नाहीतर उर्दू. शुद्ध पारिभाषिक मराठीही कित्येकींना परकीच. 'संघनन' म्हटलं की चेहरे कोरे. "गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ते" म्हटलं की सगळ्या बोलायला लागतात. अवघड भागाचा आवाज बंद करून मी स्वतः निवेदन करते. एखादी मुलगी धाकटीसाठी तेलुगूत करते, आणि ते माझ्याहून चांगलं होतं.

चौथी, त्याच दिवशी हातानं करता येईल असं त्यात काही आहे का? नसेल तर कितीही सुंदर भाग असो, तो घरी बघायचा.

वेळ

संध्याकाळी सात ते दहा हा आईच्या मालिकांचा वेळ आहे, त्यात शिरू नका. नळाला पाणी येईल तो दिवस सोडून द्या, त्या दिवशी घरातली प्रत्येक मुलगी घागरीला जुंपलेली असते. जिथं आई विड्या वळते तिथं पोरी पानं कापायला बसतात, म्हणून आईला विचारून वेळ ठरवा. आम्हाला रविवारी सकाळी साडेनऊ लागू पडली. एप्रिल-मेमध्ये आठ, कारण दहानंतर पत्रा तापतो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत वर्ग ठेवूच नका. मी ठेवला होता. मी आणि टीव्ही, दोघीच होतो.

बघायचं कसं

आता रिमोट. घरोघरी बघा, तो भावाच्या नाहीतर वडिलांच्या उशाशी असतो. आमच्याकडे दर रविवारी एक मुलगी 'रिमोटवाली' असते. थांबवायचं, मागं न्यायचं, आवाज घालवायचा, सगळा अधिकार तिचा. कुणालाही काही कळलं नाही की "थांब!" म्हणायचं आणि तिनं थांबवायचंच. पहिल्या दोन आठवड्यांत कुणी थांबवत नाही, त्यामुळे "थांब" मला म्हणावं लागलं, तेही मुद्दाम सोप्या जागी. बाईंनाच कळलं नाही म्हटल्यावर धीर येतो.

प्रयोगाचा निकाल दिसण्याच्या क्षणभर आधी थांबवा. प्रत्येकीला अंदाज वहीत लिहायला लावा. तोंडी नको, नाहीतर हुशार समजल्या जाणाऱ्या मुलीचं उत्तर सगळ्या उचलतात. मग पुढे चालवा. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, शेजारी लिहायचं: "का बरं?"

आणि कधीतरी रिमोटच प्रयोगाला घ्या. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करायचा, रिमोटचं पुढचं टोक त्याच्यासमोर धरायचं, बटण दाबायचं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर तो छोटा दिवा जांभळट पांढरा लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात अनेकदा दिसत नाही, कारण त्यावर हा प्रकाश अडवणारी काच असते. पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा सभागृहात असा गलका झाला की वॉचमन बघायला आला. तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश म्हणून त्याला अवरक्त म्हणतात, हे मी नंतर सांगितलं. त्याआधीच सातवीतल्या एकीनं विचारलं होतं, "मग कबुतराला दिसतं काय हे?"

मला येत नव्हतं. तसंच सांगितलं आणि प्रश्न भिंतीवरच्या कागदावर लिहिला. पुढच्या रविवारी दोघी उत्तर घेऊन आल्या: कबुतराला उलट बाजूचा, जांभळ्याच्या पलीकडचा अतिनील प्रकाश दिसतो, हा नाही. त्या दोघींनी आठवडाभर कबुतरांचा पिच्छा पुरवला होता.

टीव्ही बंद केल्यावर: तीन कामं

याच चाळीस मिनिटांवर सगळं उभं आहे, म्हणून तीन कामं सविस्तर सांगते. तिन्ही सोलापुरात बसून करण्यासारखी आहेत, आणि तिन्हींची सुरुवात टीव्हीवरच्या पाचदहा मिनिटांनी होते.

*गल्लीतल्या छत्र्या.* उपग्रहावरचा एखादा छोटा भाग दाखवा आणि मग पोरींना घेऊन रस्त्यावर या. गच्चीवर नको, कठडे भरवशाचे नसतात. वही, पेन्सिल, मोबाइलमधलं होकायंत्र. वीस घरांच्या छत्र्या मोजायच्या: कोणती कंपनी, तोंड कुठल्या दिशेला. अर्ध्या तासात लक्षात येतं की एकही छत्री उत्तरेकडे बघत नाही. फ्री डिशच्या सगळ्या आग्नेयेला वळलेल्या, होकायंत्रावर १३४ अंशांच्या आसपास. दुसऱ्या एका कंपनीच्या त्याहून दक्षिणेकडे, तिसरीच्या पूर्वेकडे सरकलेल्या. का?

लगेच उत्तर देऊ नका, जमिनीवर खडूनं पृथ्वी काढा. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्याच वेगानं फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखे वाटतात. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे बघायचं दक्षिणेकडेच. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, सोलापूर ७६ च्या जवळ, म्हणून छत्री पूर्वेकडेही वळते. दुसऱ्या कंपनीचा उपग्रह वेगळ्या रेखांशावर, म्हणून तिची छत्री वेगळीकडे. एकदा हे समजलं की नकाशातल्या त्या कंटाळवाण्या रेषा एकदम कामाच्या होतात.

एक धोका. एखादी हुशार पोर कोनमापक आणून छत्रीचा कल मोजेल आणि पुस्तकातल्या उत्तराशी जुळवायला जाईल. सोलापुरातून हा उपग्रह क्षितिजापासून साधारण ६१ अंशांवर आहे, पण घरगुती छत्रीची तबकडी त्यापेक्षा बरीच उभी दिसते. पुढे आलेल्या दांडीवरचं यंत्र मधोमध नसून खालच्या बाजूला असतं, त्यामुळे वीसपंचवीस अंशांचा फरक पडतो. तिचं मोजमाप चुकलेलं नाही हे तिला सांगा. मला हे उशिरा कळलं, आणि तोवर एकीनं तीन वेळा मोजून वही मिटली होती.

पाऊस आला की छत्रीवरचा टीव्ही जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पावसाचे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात. हाही प्रश्न जून महिन्यात भिंतीवर लावून ठेवा. कोणत्या पावसात गेला, किती मिनिटं गेला, याची नोंद पोरी हौसेनं ठेवतात.

*चादरीचा प्रोग्रॅम.* संगणकावरचा भाग दाखवण्याआधी घरची सोलापुरी चादर आणायला सांगा. तिच्यावरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते, आणि ती जॅकार्ड मागावर निघते. आमच्या वर्गातल्या चौघींच्या घरी कुणी ना कुणी कारखान्यात आहे. त्यांना 'पंचिंग'चे पुठ्ठे माहीत होते, पण त्याचा संगणकाशी संबंध आहे हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं.

पुठ्ठ्यात जिथं भोक तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, तो धागा वर उचलला जातो. जिथं भोक नाही तिथं धागा खालीच. आडवा धागा नेणारा धोटा मधून निघून जातो, पुढचा पुठ्ठा येतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शब्दांत फुलं, मोर, अक्षरं. फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्डनं हा माग १८०४ साली आणला. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणनयंत्राला सूचना देण्यासाठी तसेच पुठ्ठे वापरायचं ठरवलं, आणि १८४३ साली एडा लव्हलेस या बाईंनी त्या यंत्रावर लिहिताना म्हटलं की जॅकार्डचा माग जशी फुलंपानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताच्या आकृत्या विणतं. जगातली पहिली प्रोग्रॅमर म्हणून अनेक जण त्यांचंच नाव घेतात.

आता काम. चौकटीच्या वहीत बारा बाय बाराचा चौकोन. एकीनं चौकटी भरून नक्षी काढायची. दुसरी पाठ करून बसते. पहिली ओळीनं वाचते: "भर, सोड, सोड, भर." दुसरी ऐकून भरते. वळून बघायचं नाही, "कुठं आलीस?" विचारायचं नाही. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

पहिल्या फेरीत एकही जोडी जुळली नाही. एका जोडीचा मोर तिसऱ्या ओळीपासून एक घर डावीकडे सरकला होता, मानेला मुरगळ पडल्यासारखा. हसून हसून पोटं दुखली. मग त्यांनीच शोधलं की तिसऱ्या ओळीत एक 'सोड' गाळला गेला होता. दुसऱ्या फेरीत नियम कुणी केला? त्यांनीच: प्रत्येक ओळीआधी ओळीचा आकडा सांगायचा, आणि "भर भर भर भर" ऐवजी "चार भर" म्हणायचं. प्रोग्रॅम लिहिणारे हेच करतात, चूक शोधतात आणि सूचना आखूड करतात. एकीनं घरी जाऊन हे वडिलांना सांगितलं. वडील पुढच्या रविवारी दोन जुने पुठ्ठे घेऊन स्वतः आले, दाराशीच उभे राहिले, आणि मग वीस मिनिटं त्यांनीच वर्ग घेतला.

*बाटलीतला ढग.* हे पावसाळ्यात करा. एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली, दोन चमचे कोमट पाणी. उकळतं नको, बाटली आक्रसते. झाकण लावून हलवा, दाबा, सोडा. फारसं काही होत नाही. आता झाकण काढून पेटत्या उदबत्तीचा धूर क्षणभर आत जाऊ द्या. उदबत्ती मोठ्यांनीच धरायची. झाकण घट्ट लावा, बाटली दोन्ही हातांनी जोरात दाबून एकदम सोडा. आत पांढरा ढग उतरतो. दाबलं की नाहीसा, सोडलं की पुन्हा हजर.

दाब सुटला की आतली हवा प्रसरण पावते आणि गार होते, वाफेचे थेंब व्हायला बघतात, पण त्यांना टेकायला काहीतरी कण लागतो. धुराचे कण ती जागा देतात. धुराशिवाय आणि धुरासकट असं दोन्ही करून बघणं महत्त्वाचं, फरक त्यातच आहे.

मग वर आकाशाकडे बोट दाखवा. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहतो, ढग येतात आणि न बरसता जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला तळ करून, इथल्याच ढगांत विमानानं बारीक कण सोडून बघितले. उदबत्तीच्या धुराचं काम तिथं कॅल्शियम क्लोराइडनं केलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, बीज पेरलेल्या ढगांखालच्या ठिकाणी तुलनेनं सुमारे १८ टक्के जास्त पाऊस नोंदला गेला. या कामाचं नेतृत्व डॉ. थारा प्रभाकरन या शास्त्रज्ञ बाईंनी केलं. आमच्या मुलींनी त्या दिवशी विचारलेला पहिला प्रश्न ढगाचा नव्हता. "त्या बाई इमानात बसतात का?"

बोलताना जीभ सांभाळा

"तू शास्त्रज्ञ होणार!" असं आपण कौतुकानं म्हणतो. अमेरिकेत मार्जोरी ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की "आज आपण शास्त्रज्ञ होऊया" ऐवजी "आज आपण विज्ञान करूया" म्हटलं तर मुली त्या कामात अधिक वेळ टिकतात. कारण सोपं आहे. 'शास्त्रज्ञ' म्हटलं की तो चष्मेवाला डोळ्यांसमोर येतो आणि आपण त्याच्यासारख्या नाही हे दिसतं. 'करूया' म्हटलं की हात चालू होतात. आधी, २०१७ साली, दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं होतं की सहाव्या वर्षापासूनच मुली "फार फार हुशार" हे विशेषण बाईमाणसाला लावायला कचरू लागतात. म्हणून 'हुशार' हा शब्द मी वर्गातून जवळपास हद्दपार केलाय. "तू दोन वेळा मोजलंस म्हणून चूक सापडली" असं नेमकं सांगते.

"मुलींनाही जमतं" हे वाक्य तर चुकूनही नको. त्या 'ही'मध्ये सगळा घोटाळा आहे.

शास्त्रज्ञ बायकांच्या गोष्टी सांगा, पण आरतीसारख्या नको. कमला सोहोनींना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला, मग एक वर्ष अटींवर घेतलं, एवढं सांगून पोरींना विचारा, "तुम्ही असता तर काय केलं असतं?" पुढे त्यांनी केंब्रिजला डॉक्टरेट मिळवली आणि नीरेतल्या पोषकद्रव्यांवर काम केलं. शिंदीची झाडं आपल्याकडे आहेतच, तिथून गप्पा आपोआप रंगतात.

भाऊ आणि आया

भावांना बंदी घालू नका, पण एक नियम ठेवा. मी आधी ठेवला नव्हता. दोन भाऊ आले, पाचव्या मिनिटाला पेचकस त्यांच्या हातात आणि बहिणी टॉर्च धरून उभ्या. आता मुलगे आले तर वही ते लिहितात, हत्यार मुली धरतात.

आयांना महिन्यातून एकदा बोलवा आणि भाषण न देता बाटलीतला ढग त्यांच्याच हातानं करून घ्या. खर्चाची भीती त्या बोलून दाखवत नाहीत, म्हणून आपणच विषय काढायचा. तंत्रशिक्षणाच्या पदविका-पदवीसाठी मुलींना केंद्राची 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार रुपयांची आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. राज्यानंही २०२४ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. आठवीतल्या मुलीच्या आईला हे आत्ताच कळलेलं बरं. दहावीनंतर स्थळं यायला लागतात.

वर्गाबाहेर

दोनतीन महिन्यांनी केगावच्या सोलापूर विज्ञान केंद्रात न्या. सगळं एका फेरीत दाखवायचं नाही, प्रत्येकीनं एकच यंत्र निवडून पंधरा मिनिटं त्याच्याशी झटापट करायची. शाळेत केंद्राच्या 'इन्स्पायर मानक' योजनेसाठी नाव गेलंय का ते विचारा. सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळेनं ऑनलाइन पाठवायच्या असतात आणि निवड झाल्यास नमुना बनवायला १० हजार रुपये मिळतात. सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, पण ती परीक्षा आहे, ज्या मुलीला परीक्षेची धास्ती आहे तिला त्यात ढकलू नका. नववीपासून 'विज्ञान ज्योती' ही खास मुलींसाठीची योजना नवोदय विद्यालयांमार्फत चालते. आपल्या जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे, तिथं चौकशी करा.

मोजायचं काय? गुण नाही. भिंतीवरच्या कागदावरचे प्रश्न मोजा, आणि ते कुणाचे आहेत ते बघा. पहिल्या महिन्यात आमच्याकडे चार होते, त्यातले तीन माझे. सहा महिन्यांनी पुन्हा कोरा कागद देऊन चित्र काढून घ्या, जुनं न दाखवता.

पहिल्या रविवारच्या पिशवीत हे टाका: पेन ड्राइव्ह, त्याच भागाची दुसरी प्रत मोबाइलमध्ये, एक्सटेन्शन बोर्ड, चौकटीची वही, खडू, दोन रिकाम्या बाटल्या, थर्मासमध्ये कोमट पाणी, रिमोटचे नवे सेल. आणि काडेपेटी. उदबत्ती सभागृहातल्या देवाजवळ नेहमी असते, काडेपेटी कधीच नसते.